व्हर्जिनियाने देहदंड का रद्द केला?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



फेब्रुवारी १९५१ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने सात कृष्णवर्णीय पुरुषांना विजेच्या खुर्चीत बसवून ठार केले. चौघांना २ तारखेला आणि उरलेल्या तिघांना ५ तारखेला. पुढे बरोबर सत्तर वर्षांनी, ५ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याच राज्याच्या प्रतिनिधिगृहाने देहदंड रद्द करणारे विधेयक ५७ विरुद्ध ४१ मतांनी संमत केले. तारीख जुळली हा योगायोग होय. परंतु या दोन घटनांचा एकमेकींशी असलेला संबंध योगायोगाचा नाही. तो संबंध उलगडून पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

चळवळीत विधिमंडळांविषयी दोन समज नेहमी आढळतात. काहींना वाटते की भांडवलदारी व्यवस्थेतील विधिमंडळ म्हणजे निव्वळ देखावा असून तेथील सुधारणांनी श्रमजीवी जनतेच्या पदरात काहीच पडत नाही. दुसऱ्या काहींना वाटते की चांगला कायदा झाला, गव्हर्नरची सही झाली, की अन्यायाचे मूळच उपटले गेले. व्हर्जिनियाच्या २०२१ च्या अधिवेशनाची हकिगत लक्षपूर्वक पाहिली तर हे दोन्ही समज टिकत नाहीत, आणि म्हणूनच ती भारतीय कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम या राज्याची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकाऊ वसाहत येथेच, जेम्सटाउन येथे उभी राहिली. वसाहतीतील पहिला देहदंड १६०८ साली याच ठिकाणी अमलात आला. १६१९ मध्ये येथे प्रतिनिधिसभा भरली. आजचे व्हर्जिनियाचे विधिमंडळ आपली परंपरा अभिमानाने तिच्यापर्यंत नेऊन भिडवते. त्याच १६१९ साली धरून आणलेल्या आफ्रिकी लोकांची पहिली तुकडी या किनाऱ्यावर उतरवली गेली. लोकप्रतिनिधित्व आणि गुलामगिरी अशी जुळी भावंडे एकाच वर्षी एकाच भूमीवर अवतरली, ही गोष्ट तेथील शाळांत फार काळ एका दमात शिकवली जात नसे. त्यानंतरच्या चारशे वर्षांत व्हर्जिनियाने तेराशेहून अधिक माणसे देहदंडाने मारली. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही राज्याने इतकी मारलेली नाहीत.

कोणाला मारले? गुलामगिरीच्या काळात कायद्याने हा प्रश्न उघड उघड सोडवला होता. गोऱ्या माणसाला ज्या गुन्ह्यासाठी काही वर्षांची कैद, त्याच गुन्ह्यासाठी गुलामाला मृत्यू, अशा तरतुदी पुस्तकातच छापलेल्या असत. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली आणि कायद्याच्या पुस्तकातून वर्णाचा उल्लेखही गेला. परंतु १९०२ साली व्हर्जिनियाच्या सत्ताधारी वर्गाने राज्याची नवी घटना तयार केली. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे हा तिचा जाहीर हेतू होता, आणि ती लोकांपुढे कौलासाठी न ठेवताच लागू करण्यात आली. मतदानासाठी वर्षाला दीड डॉलर कर, तोही तीन वर्षांचा, आणि निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेला असला पाहिजे, अशी अट तिच्यात होती. या करामुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार यादीतून बाहेर फेकले गेले आणि त्यांच्याबरोबर हजारो गरीब गोरे शेतकरी व मजूरही गेले. वर्णद्वेषाची कुऱ्हाड उगारताना ती वर्गाच्या मुळावरही कशी पडते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. हा मतकर १९६६ पर्यंत टिकला. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, व्हर्जिनियाच्याच एका खटल्यात, राज्याच्या निवडणुकांतील मतकर घटनाबाह्य ठरवला.

१९०२ ची घटना आणि १९०८ ची विजेची खुर्ची यांत अवघे सहा वर्षांचे अंतर आहे. ज्यांना मत नाही त्यांना न्यायदानाच्या पंचांत स्थान नाही, शेरीफ निवडण्याचा अधिकार नाही, सरकारी वकील निवडण्याचाही नाही. १९०८ ते १९५१ या काळात बलात्काराच्या आरोपावरून व्हर्जिनियात ४५ माणसांना विजेच्या खुर्चीत मारण्यात आले. ते सर्वच्या सर्व ४५ कृष्णवर्णीय होते. त्याच काळात त्याच गुन्ह्यासाठी गोरे लोक दोषी ठरले नाहीत असे नव्हे. ते दोषी ठरले, तुरुंगात गेले आणि शिक्षा भोगून जिवंत बाहेर आले.

या पार्श्वभूमीवर मार्टिन्सव्हिलचा खटला पाहिला पाहिजे. मार्टिन्सव्हिल हे व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातील फर्निचरच्या कारखान्यांचे छोटे शहर. जानेवारी १९४९ मध्ये तेथे एका गोऱ्या स्त्रीवर अत्याचार झाला. तिचे दुःख खरे होते, ते कोणीही लहान करून सांगू नये. प्रश्न तिच्या साक्षीचा नव्हता. सात कृष्णवर्णीय पुरुषांना अटक झाली आणि त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले. जबाबाखाली सही करणाऱ्यांपैकी काहींना तो वाचताही येत नव्हता. एकूण सहा खटले चालले, आणि ते सर्व दोन आठवड्यांच्या आत संपले. प्रत्येक खटल्यात ज्यूरीवर केवळ गोरे पुरुष होते. सातही जणांना मृत्यूची शिक्षा झाली.

अपिलात बचावाच्या वकिलांनी त्या काळाच्या मानाने मोठ्या धाडसाचा मुद्दा मांडला. त्यांनी वर दिलेला आकडाच न्यायालयापुढे ठेवला आणि विचारले की ही शिक्षा गुन्ह्यासाठी आहे की वर्णासाठी? न्यायालयांनी मुद्दा फेटाळला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालण्याचे नाकारले. बाहेर मात्र चळवळ उभी राहिली होती. कम्युनिस्ट नेते विल्यम पॅटरसन यांच्या नेतृत्वाखालील सिव्हिल राइट्स काँग्रेसने रिचमंडमध्ये माणसे जमवली, परदेशांतून गव्हर्नरकडे निषेधाच्या तारा आल्या. न्यायालयातील काम पाहणाऱ्या राष्ट्रीय कृष्णवर्णीय संघटनेने, म्हणजे एनएएसीपीने, कम्युनिस्टांशी संबंध असलेल्या या संघटनेला बचावाच्या कामापासून दूर ठेवण्याची अट घातली होती. शीतयुद्धाचे ते दिवस होते, कम्युनिस्ट म्हणून शिक्का बसला की दारे बंद होत. ज्या घरात सात माणसे मरणाच्या दारात उभी आहेत त्या घरातच अशी भिंत पडावी, हे त्या काळाचे एक कटू सत्य होय. गव्हर्नर जॉन बॅटल यांनी दया नाकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅटरसन यांनी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाकडे, अमेरिकन सरकारवर वंशसंहाराचा आरोप करणारा अर्ज सादर केला. त्यात नोंदलेल्या घटनांत मार्टिन्सव्हिलही होते.

सात जण मेले, पण त्यांच्या वकिलांचा मुद्दा मेला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ स्त्रीवरील बलात्कारासाठी देहदंड घटनाबाह्य ठरवला. १९८७ साली तोच आकड्यांचा मुद्दा जॉर्जिया राज्यातील एका खुनाच्या खटल्यात पुन्हा न्यायालयापुढे आला. या वेळी त्यामागे शास्त्रशुद्ध अभ्यास होता. मारला गेलेला गोरा असेल तर आरोपीला मृत्यूची शिक्षा होण्याची शक्यता कितीतरी वाढते, असे त्यातून दिसत होते. पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने मुद्दा फेटाळला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल हे रिचमंडचेच. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग असा की हा मुद्दा मान्य केला तर साऱ्या फौजदारी न्यायव्यवस्थेच्याच पायाविषयी प्रश्न उभे राहतील. वाक्य प्रामाणिक आहे, यात शंका नाही. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्यावर शेरा मारला की ही तर फार न्याय होईल याची भीती झाली. निवृत्तीनंतर पॉवेल यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले की संधी मिळाली तर या खटल्यातले मत आपण बदलू. न्यायाधीशाला निवृत्तीनंतर पश्चात्ताप करता येतो. ज्याला शिक्षा झाली त्याला ती सोय नसते.

आता व्हर्जिनियाच्या यंत्रणेकडे पुन्हा वळू. १९७६ साली अमेरिकेत देहदंड पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून २०१७ पर्यंत व्हर्जिनियाने ११३ जणांना मारले; या काळात टेक्सास वगळता हा वेग दुसऱ्या कोणत्याही राज्याने गाठला नव्हता. हा वेग कशामुळे आला? व्हर्जिनियात असा नियम होता की शिक्षा सुनावल्यानंतर २१ दिवस उलटले की नवा पुरावा न्यायालय ऐकणार नाही. एकविसाव्या दिवसानंतर सापडलेले सत्य कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील तुटपुंज्या मोबदल्यावर काम करी. अपिले संपल्यावर वकील मिळण्याचा हक्क तर मृत्यूची शिक्षा झालेल्या कैद्यालाही नाही, असे १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाच्याच कैद्यांनी आणलेल्या दाव्यात ठरवले.

या यंत्रणेत सापडलेल्या एका माणसाची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो एक कृष्णवर्णीय शेतमजूर होता, बौद्धिक क्षमता बेताची, विचारणाऱ्याला खूश करण्यासाठी हो म्हणण्याची सवय. १९८३ साली दुसऱ्याच कारणाने त्याला पकडले आणि पोलिसांनी विचारलेल्या अनेक गुन्ह्यांना तो हो म्हणत गेला. त्यांतल्या एका बलात्कार-खुनाच्या कबुलीत तपशील चुकीचे होते. मेलेल्या स्त्रीचा वर्णसुद्धा त्याने आधी चुकीचा सांगितला. तरी १९८४ मध्ये त्याला मृत्यूची शिक्षा झाली. १९८५ साली ठरलेल्या दिवसाच्या नऊ दिवस आधी ती स्थगित झाली. ती सरकारच्या कृपेने झाली नाही. मरणाच्या कोठड्यांत राहणाऱ्या दुसऱ्या एका कैद्याने आरडाओरडा करून त्याच्यासाठी वकील मिळवला म्हणून झाली. डीएनए तपासणीनंतर २००० साली त्याला माफी मिळाली. एकविसाव्या दिवसाच्या नियमाप्रमाणे पाहिले तर या माणसाला वाचवण्याचा कायदेशीर मार्गच नव्हता. गव्हर्नरच्या माफीची खिडकी तेवढी उघडी होती.

या प्रकरणाची लाज बाळगून म्हणा किंवा आणखी कशामुळे म्हणा, राज्याने पुढील काही वर्षांत दोन बदल केले. डीएनए पुराव्यापुरता २१ दिवसांचा नियम शिथिल झाला. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा: देहदंडाच्या खटल्यांसाठी पूर्ण वेळ काम करणाऱ्या, अनुभवी सरकारी बचाव-वकिलांची विभागवार कार्यालये उघडली गेली. परिणाम असा झाला की २०११ नंतर व्हर्जिनियातील एकाही ज्यूरीने मृत्यूची शिक्षा दिली नाही. कायद्याचे कलम तेच, गुन्हे तेच, ज्यूरीही त्याच राज्यातल्या लोकांच्या. बदल झाला तो प्रामुख्याने एवढाच की गरीब आरोपीच्या बाजूला धड वकील उभा राहू लागला. देहदंड ही सर्वांत भयंकर गुन्हा करणाराची शिक्षा नसून सर्वांत वाईट वकील मिळालेल्याची शिक्षा असते, असे अमेरिकेतील वकील जे म्हणत आले आहेत, त्याला व्हर्जिनियाचा हा दशकभराचा अनुभव पुरावा ठरतो. २०२१ साली राज्यातील मरणाच्या कोठड्यांत फक्त दोन माणसे उरली होती.

म्हणजे विधिमंडळाने जे यंत्र मोडले ते आधीच गंजलेले होते. तरी ते मोडणे आपोआप झाले नाही. नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला दोन दशकांहून अधिक काळानंतर दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला आणि रिचमंडच्या रस्त्यांवर, गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींच्या पुतळ्यांभोवती, दिवसेंदिवस निदर्शने झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोलावलेल्या विशेष अधिवेशनात पोलिसांनी दार न ठोठावता घरात घुसण्याच्या वॉरंटांवर बंदी आली. त्याच अधिवेशनातील दुसरी एक सुधारणा वृत्तपत्रांत फारशी गाजली नाही, पण कैद्यांच्या दृष्टीने ती मोठी होती. व्हर्जिनियात ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क बजावला की शिक्षाही ज्यूरीच ठरवी. न्यायाधीशांसाठी असलेली मार्गदर्शक पत्रके ज्यूरीला दाखवली जात नसत, त्यामुळे शिक्षा कितीतरी कठोर येई. या भीतीने गरीब आरोपी खटला न लढवताच सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल करीत. आता आरोपीने वेगळी मागणी केली नाही तर शिक्षा न्यायाधीशाने ठरवावी असे झाले.

२०२१ चे अधिवेशन महामारीच्या छायेत भरले. प्रतिनिधिगृहाचे काम दूरदर्शक पडद्यांवरून चालले, तर सिनेटची बैठक रिचमंडच्या विज्ञान संग्रहालयात, सदस्यांना अंतरा-अंतरावर बसवून. विरोधी रिपब्लिकन सदस्यांनी मुदतवाढ अडवल्यामुळे नियमित अधिवेशन तीस दिवसांत गुंडाळावे लागले आणि गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी उरलेल्या कामासाठी लागलीच विशेष अधिवेशन बोलावले. सिनेटने ३ फेब्रुवारी रोजी स्कॉट सुरोव्हेल यांचे देहदंड रद्द करणारे विधेयक २१ विरुद्ध १७ मतांनी संमत केले, दोन दिवसांनी प्रतिनिधिगृहाने माइक मलिन यांचे. विरोधकांचे म्हणणे बाजूला सारण्यासारखे नव्हते. मारल्या गेलेल्यांच्या आप्तांचे काय, पोलिसाचा खून करणाऱ्याचे काय, असे ते विचारीत होते. त्याला सर्वांत वजनदार उत्तर राजकारण्यांकडून आले नाही. २०१७ साली व्हर्जिनियाने ज्या शेवटच्या माणसाला मारले त्याने एका पोलिसाचा खून केला होता; त्या पोलिसाची मुलगी देहदंड रद्द करावा म्हणून उघडपणे बोलत होती. वडिलांच्या खुन्याला मारल्याने तिच्या वाट्याला शांती आली नव्हती.

२४ मार्च २०२१ रोजी गव्हर्नरने ग्रीन्सव्हिलच्या तुरुंगात, जेथे शिक्षा अमलात येत असे त्या ठिकाणी जाऊन, विधेयकावर सही केली. देहदंड रद्द करणारे ते अमेरिकेतील तेविसावे आणि जुन्या दक्षिणेतील पहिलेच राज्य ठरले. ३१ ऑगस्ट रोजी नॉर्थम यांनी मार्टिन्सव्हिलच्या सातही जणांना मरणोत्तर माफी दिली. ते निर्दोष होते असे ती माफी म्हणत नाही. त्यांना योग्य न्यायप्रक्रिया मिळाली नाही आणि त्यांची शिक्षा वर्णामुळे झाली, एवढेच ती मान्य करते. १९५१ साली बचावाचे वकील याहून वेगळे काही म्हणत नव्हते.

त्याच अधिवेशनात व्हर्जिनियाचा स्वतःचा मताधिकार कायदा संमत झाला, हे देहदंडाच्या बातमीखाली झाकले गेले. १९६५ च्या केंद्रीय मताधिकार कायद्यानुसार व्हर्जिनियाला मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद निकामी केली. नव्या कायद्याने राज्यातील स्थानिक संस्थांवर तसेच बंधन राज्याच्या पातळीवर घातले: बदल आधी लोकांपुढे ठेवा, नाहीतर राज्याच्या ॲटर्नी जनरलची संमती घ्या. ज्या राज्याने १९०२ मध्ये मत काढून घेण्याची कला परिपूर्ण केली त्याच राज्याने हा कायदा करावा, यामागे रस्त्यावरची आणि मतदार-नोंदणीची किती वर्षांची मेहनत आहे, याचा अंदाज करता येईल. गांजा बाळगण्यावरची बंदीही, एका औंसापर्यंत, १ जुलैपासून उठली. या गुन्ह्यात कृष्णवर्णीयांना होणाऱ्या अटकांचे प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट असल्याचे विधिमंडळाच्याच अभ्यासाने दाखवले होते.

आता उलटी बाजू. ठरावीक गुन्ह्यांना किमान शिक्षा सक्तीची करणाऱ्या तरतुदी काढण्याचे विधेयक दोन सभागृहांच्या मतभेदात बुडाले. पोलिसांना दिवाणी दाव्यांपासून मिळणारे कवच काढण्याचे विधेयकही तरले नाही. देहदंडाच्या जागी आजन्म कारावास आला, आणि १९९५ पासून व्हर्जिनियात पॅरोल बंद असल्याने आजन्म म्हणजे खरोखरच मरेपर्यंत. शिक्षा भोगून सुटलेल्यांचा मताधिकार तर घटनेनुसार गव्हर्नरच्या मर्जीवरच राहिला. तो आपोआप परत मिळावा म्हणून घटनादुरुस्ती २०२१ मध्ये एकदा संमत झाली. परंतु ती मध्ये निवडणूक होऊन दुसऱ्यांदा संमत व्हावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये गव्हर्नरपद आणि प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेले आणि २०२२ साली दुरुस्ती समितीतच मारली गेली. नॉर्थम यांनी तुरुंगातून सुटताच मताधिकार देण्याची जी पद्धत आपल्या हुकमाने सुरू केली होती, ती नवे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी थांबवल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. २०२५ साली तीच घटनादुरुस्ती पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागली. जे कायद्यात गेले ते टिकले, जे केवळ हुकमावर उभे होते ते पुढच्या हुकमाने गेले. कायदा करून घेणे निरर्थक आहे असे मानणाऱ्या साथींनी हा फरक ध्यानात घ्यावा.

भारतातील वाचकाला या हकिगतीत आणखी एक तारीख जोडावी लागेल. ज्या वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाने देहदंड काढला, त्याच वर्षी, २३ आणि २४ डिसेंबर २०२१ रोजी, महाराष्ट्राच्या विधानसभेने व विधान परिषदेने शक्ती विधेयक संमत केले. त्यात बलात्काराच्या काही प्रकारांना मृत्यूची शिक्षा होती आणि तपास तीस दिवसांत पुरा करण्याचे बंधन होते. राज्यातील अनेक स्त्री-संघटनांनी आणि महिला वकिलांनी मसुदा आला तेव्हाच त्याला विरोध केला होता. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा किंवा नात्यातला असतो. शिक्षा फाशीची झाली तर घरातूनच तक्रार दाबली जाईल आणि पीडितेला जिवंत न सोडण्याकडे गुन्हेगाराचा कल वाढेल, असे त्यांचे म्हणणे. सभागृहात त्यांच्या म्हणण्याला फारशी जागा मिळाली नाही. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा कधीच अमलात आला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या विधानसभेने, कोलकात्यातील एका तरुण डॉक्टरवरील अत्याचार व खुनानंतर, त्याच दिशेचे विधेयक एकमताने संमत केले. लोकांचा संताप रास्त होता. परंतु रुग्णालयांतील सुरक्षितता, पोलीस ठाण्यांतील स्त्री-अधिकारी, न्यायालयांतील रिकाम्या जागा यांवर पैसा खर्चावा लागतो. फाशीचे कलम फुकट मिळते.

त्या तीस दिवसांच्या तपासाचा विचार करताना महाराष्ट्रातीलच एक खटला आठवावा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी कायम केली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे नंतर ठरले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन सर्वांची निर्दोष मुक्तता केली. वाचलेल्या स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून सुरुवातीलाच दुसऱ्या चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, असे न्यायालयाला आढळले. सोळा वर्षे. मार्टिन्सव्हिलमध्ये वर्ण होता, येथे जात आणि पालावरचे जगणे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ असल्याचे दिसले. न्यायमूर्ती भगवती यांनी १९८० च्या बच्चनसिंग खटल्यातील आपल्या भिन्न मतात, जे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, हेच म्हटले होते की ही शिक्षा मुख्यतः गरिबांच्या वाट्याला येते. बहुमताने तेव्हा 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे माप स्वीकारले. नाशिकच्या सहा जणांना त्याच मापाने मोजले गेले होते.

भारतात एका विधानसभेने उलट दिशाही दाखवली आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये त्रिपुराच्या विधानसभेने, डावी आघाडी सत्तेवर असताना, देहदंड रद्द करावा असे केंद्राला आवाहन करणारा ठराव एकमताने केला. त्याच महिन्यात केंद्रीय विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांखेरीज अन्य गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द करण्याची शिफारस केली. केंद्राने दोन्हींवर काही केले नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत देहदंड कायम आहे, आणि जमावाकडून होणाऱ्या हत्येसारख्या नव्या कलमांतही तो घातला गेला आहे.

तरी राज्यांच्या हाती काहीच नाही असे म्हणता येत नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. पोलीस आणि तुरुंग राज्य सूचीत आहेत. घटनेच्या १६१ व्या कलमानुसार राज्यपालांचा शिक्षा कमी करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो, म्हणजे राज्य सरकारला फाशीचा प्रत्येक अर्ज हाताळावा लागतोच. आणि व्हर्जिनियात ज्या एका गोष्टीने दहा वर्षांत मृत्यूच्या शिक्षा थांबवल्या, ती तर निव्वळ अंदाजपत्रकाची बाब होती. सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या गरीब माणसाला पहिल्या दिवसापासून अनुभवी, पूर्ण वेळ, पुरेसे वेतन मिळणारा वकील द्यायचा, यासाठी कोणत्याही राज्याला दिल्लीच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणांनी २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत बचाव-वकिलांची कार्यालये सुरू केली आहेत. त्यांत किती जागा भरल्या, त्यांना वेतन किती, तपासासाठी स्वतंत्र निधी आहे की नाही, पालावरच्या, पाड्यावरच्या आरोपीची भाषा समजणारा माणूस तेथे बसतो की नाही, हे प्रश्न पुढच्या अंदाजपत्रकी अधिवेशनात प्रत्येक राज्यातील डाव्या आमदारांनी तारांकित प्रश्न म्हणून लेखी विचारावेत आणि उत्तरे जिल्हा समित्यांकडे पडताळणीसाठी पाठवावीत.